संगणकाची स्मृती : वाढवावी की न वाढवावी?

कृष्णाकाठचा शेतकरी विहिरीवर पंप बसविताना प्रथम विहिरीला पाणी किती, ते किती खोलीवर आणि भिजवावयाचे क्षेत्र किती याचा अंदाज घेतो. शेजाऱ्याने साडेसात अश्वशक्तीची मोटार घेतली म्हणून तो तेवढीच मोटार घेत नाही. विहिरीलाच पाणी नसेल तर मोठी मोटार केवळ वीज खाते, आणि पाणी भरपूर असताना मोटार लहान पडली तर ऊस वाळतो. हा विवेक सातारा व सांगली जिल्ह्यांतील शेतीत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे. गावच्या कार्यालयात आणि शाळेत आता जो लॅपटॉप संगणक येतो, त्याच्या बाबतीत मात्र हा विवेक पुष्कळदा बाजूला राहतो. नवा लॅपटॉप आला की "याची रॅम वाढवून घ्या" असा सल्ला दुकानदारापासून शिपायापर्यंत प्रत्येकजण देतो. खर्च ग्रामनिधीतून किंवा शाळेच्या अनुदानातून होतो. ज्या कारणासाठी तो केला ते कारण दूर झाले की नाही, हे मात्र क्वचितच तपासले जाते.

ग्रामपंचायतीचे दाखले, कराची आकारणी, २०२० साली सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज प्रणालीवरील हिशेब, शाळांची यू-डायस माहिती, २०१८ पासून उपलब्ध असलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ही सर्व कामे आज संगणकावर होतात. यंत्र संथ झाले तर दाखल्यासाठी आलेली वृद्ध स्त्री दिवसभर ओट्यावर बसून राहते आणि तिची मजुरी बुडते. म्हणून संगणकाची स्मृती वाढविण्याचा प्रश्न दिसावयास तांत्रिक असला, तरी मुळात तो लोकांच्या वेळेचा आणि सार्वजनिक पैशाचा प्रश्न आहे. तो नीट समजावून घेणे लोकप्रतिनिधी, शिक्षक आणि कर्मचारी या तिघांनाही उपयुक्त ठरेल.

स्मृती आणि साठवण

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. संगणकात माहिती ठेवण्याच्या दोन जागा असतात. एक कायमची साठवण, म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी. दुसरी कामापुरती स्मृती, म्हणजे रॅम. ग्रामपंचायतीच्या कार्यालयातील दप्तराचे कपाट आणि ग्रामसेवकाचे टेबल यांत जो फरक, तोच या दोहोंत आहे. कपाटात गावाचे सारे दप्तर असते. ज्या नोंदवह्या त्या क्षणी लागतात तेवढ्याच टेबलावर येतात. टेबल लहान असेल तर एक वही मिटून कपाटात ठेवल्याशिवाय दुसरी उघडता येत नाही आणि सारा वेळ उठबशीतच जातो. संगणकाची स्मृती अपुरी पडली की नेमके हेच घडते. स्मृतीतील काही मजकूर साठवणीत हलविला जातो आणि गरज पडताच परत आणला जातो. साठवण स्मृतीपेक्षा कितीतरी मंद असल्याने यंत्र अडखळते. वीज गेली की टेबलावरचे सारे पुसले जाते, कपाटातले राहते. काम करताना ते वेळोवेळी जतन करावे असे सांगितले जाते, ते याच कारणासाठी.

टेबल कितीही मोठे केले तरी कपाटातील जागा वाढत नाही आणि कपाट मोठे केल्याने टेबल मोठे होत नाही. "जागा संपली" अशी सूचना आल्यावर रॅम वाढविणे, किंवा यंत्र संथ चालते म्हणून छायाचित्रे पुसून टाकणे, हे दोन्ही उपाय म्हणूनच चुकीच्या रोगावरचे ठरतात.

या स्मृतीचा विस्तार किती झपाट्याने झाला, हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय शास्त्रज्ञांनी घडविलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. त्याच्या मुख्य स्मृतीत ४० अंकस्थानांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या साध्या लॅपटॉपमधील ८ जीबी स्मृती तिच्या सुमारे आठ लाख पट आहे. तरीही ती अपुरी पडते. याचे कारण असे की, स्मृती जसजशी स्वस्त झाली तसतसा कार्यप्रणाली आणि ब्राउझर यांनी तिचा वापर सढळ हाताने केला. ब्राउझरमध्ये उघडलेले प्रत्येक पान आज स्मृतीचा स्वतंत्र वाटा मागते.

वारणेचा धडा

यंत्राची क्षमता वाढविण्यापूर्वी कामाचे स्वरूप तपासावे, हा विचार या भागाला नवा नाही. सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांच्या सीमेवरील वारणा खोऱ्यात १९९८ साली एक महत्त्वाकांक्षी प्रकल्प सुरू झाला. वारणानगरच्या सहकारी समूहाच्या परिसरातील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचे त्यात योजिले होते. केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणा समूह यांनी खर्चाचा भार वाटून घेतला. गावोगावच्या केंद्रांतील संगणकांवरून शेतकऱ्याला बाजारभाव, शेतीविषयक सल्ला, शासकीय योजना अशी विविध माहिती मिळावी, ही त्यामागील दृष्टी होती. देशातील अशा केंद्रांच्या अगदी प्रारंभीच्या काळातील हा प्रयोग होता.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन विभागाने या केंद्रांच्या वापराचा अभ्यास केला. त्यात असे आढळून आले की, संगणकांचा उपयोग मुख्यत्वे साखर कारखाना आणि ऊस उत्पादक यांच्यातील ठराविक नोंदींच्या देवघेवीसाठीच होत होता. उसाचे वजन किती भरले, खत किती उचलले, खात्यावर किती रक्कम आहे अशा थोडक्या अंकांसाठी पूर्ण संगणक, त्याची वीज आणि त्याची दुरुस्ती यांचा भार वाहिला जात होता. तेव्हा सात गावांत आठ महिने एक वेगळा प्रयोग करण्यात आला. संगणकाऐवजी साध्या मोबाइल फोनवरील लघुसंदेशांनी तीच माहिती देण्यात आली. संगणकाची सारी कामे या पद्धतीने पार पडली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही ती अधिक सोयीची वाटली.

या अनुभवावरून संगणक निरुपयोगी आहे असा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. त्याचा खरा बोध असा की, साधन किती मोठे असावे हे साधनाकडे पाहून ठरत नाही. ते कामाकडे पाहून ठरते आणि काम मोजल्यावाचून कळत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीतही शेतकरी आपल्या पिकाची नोंद बांधावर उभा राहून मोबाइलवरूनच करतो. त्या कामासाठी गावात नव्या संगणकाची गरज पडली नाही.

संथपणाचे उगम

यंत्र संथ चालते ही तक्रार एक असली तरी तिची कारणे वेगवेगळी असतात. ताप हे जसे अनेक रोगांचे लक्षण आहे, तसेच हे आहे. कार्यालयीन संगणकाच्या बाबतीत मुख्यतः चार कारणे संभवतात.

पहिले कारण म्हणजे दूरस्थ सर्व्हर किंवा जोडणी. दाखल्याचे पान उघडत नाही, पण त्याच वेळी संगणकातील इतर मजकूर झटपट उघडतो, असे असेल तर दोष गावातील यंत्राचा नाही. कोयना धरणात १०५ अब्ज घनफूट पाणी मावत असले तरी शेताकडे येणारी चारीच तुंबली असेल तर पिकाला काय लाभ? अशा वेळी स्मृती दुप्पट केली तरी दाखला एक क्षणही लवकर मिळणार नाही.

दुसरे कारण म्हणजे मंद साठवण. जुन्या संगणकात फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असते. तिच्या जागी एसएसडी बसविल्याने यंत्र सुरू होण्याचा व कार्यक्रम उघडण्याचा वेळ लक्षणीयरीत्या कमी होतो. जुन्या यंत्राच्या बाबतीत हाच उपाय पुष्कळदा सर्वांत आधी करण्याजोगा असतो.

तिसरे कारण म्हणजे अनावश्यक कार्यक्रमांची गर्दी. संगणक सुरू होताच आपोआप उघडणारे कार्यक्रम, ब्राउझरला जोडलेल्या नकोशा पट्ट्या, एकाऐवजी दोन विषाणुरोधक असा भार नव्या लॅपटॉपवरही पहिल्या दिवसापासून असू शकतो. तो उतरविण्यास पैसा लागत नाही.

या तीन शक्यता तपासून झाल्यावरच चौथे कारण, म्हणजे खरोखरची अपुरी स्मृती, विचारात घ्यावे.

मोजमाप कसे करावे?

यासाठी तज्ज्ञाची गरज नाही. विंडोज कार्यप्रणालीत कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील परफॉर्मन्स या भागात मेमरी हा शब्द निवडल्यास एकूण स्मृती किती, त्यापैकी वापरात किती, तिचा वेग किती आणि किती खाचा भरलेल्या आहेत हे दिसते. त्याच ठिकाणी डिस्क किती व्यग्र आहे हेही पाहता येते.

ही पाहणी रिकाम्या वेळी करू नये. करवसुलीचे दिवस, मार्चअखेरचे हिशेब, शाळेतील माहिती भरण्याची अंतिम मुदत अशा गर्दीच्या वेळी, नेहमीचे सर्व कार्यक्रम उघडे असताना ती करावी. आठवडाभर दिवसातून दोनदा आकडे वहीत टिपून ठेवावेत. वापर साधारणतः सत्तर टक्क्यांच्या आत राहत असेल तर स्मृती वाढविण्याची निकड नाही. तो सतत पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर राहत असेल, त्याच वेळी डिस्क शंभर टक्के व्यग्र दिसत असेल आणि एका कार्यक्रमातून दुसऱ्यात जाताना यंत्र अडखळत असेल, तर स्मृती कमी पडते असे समजावे. हे ठोकताळे आहेत, नियम नव्हेत. केवळ मोठा आकडा पाहून घाबरण्याचेही कारण नाही. रिकामी स्मृती हाती असल्यास कार्यप्रणाली ती पुढील कामाच्या तयारीसाठी वापरते. अडखळणे आणि आकडा ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली तरच निदान पक्के होते.

किती असावी?

विंडोज ११ ही कार्यप्रणाली चालण्यासाठी किमान ४ जीबी स्मृती लागते. किमान याचा अर्थ पुरेशी असा नव्हे. बैल गाडी ओढू शकतो म्हणून त्याने भरली गाडी घाट चढवावी अशी अपेक्षा कोणी करीत नाही. पत्रव्यवहार, तक्ते, दाखले आणि ब्राउझरमधील मोजकी पाने एवढेच काम असेल तर ८ जीबी स्मृतीत ते समाधानकारकरीत्या होते. मोठे तक्ते, अनेक पोर्टलांवर एकाच वेळी काम, दूरदृश्य बैठक आणि शेजारी उघडे दप्तर असा व्याप असल्यास १६ जीबी सोयीची ठरते. चित्रफितींचे संपादन किंवा नकाशांचे मोठे काम असेल तर त्याहून अधिक स्मृतीचा विचार करता येईल. सामान्य ग्रामपंचायतीला किंवा प्राथमिक शाळेला तशी गरज पडत नाही.

आणखी एक बाब लक्षात ठेवावी. बहुतेक साध्या लॅपटॉपमध्ये पडद्यावरील चित्रासाठी वेगळी स्मृती नसते. तो भागही मुख्य स्मृतीतूनच घेतला जातो. त्यामुळे खोक्यावर ८ जीबी लिहिलेले असले तरी कामाला थोडी कमी उरते. अशा यंत्रात दोन खाचांत समान क्षमतेच्या दोन पट्ट्या असतील तर स्मृती दोन मार्गांनी वाहते आणि यंत्राची गती सुधारते.

वाढविता येईल का?

नवा लॅपटॉप घेताना निर्णयाचा खरा कस येथे लागतो. काही लॅपटॉपमध्ये स्मृतीची पट्टी खाचेत बसविलेली असते. ती काढता येते आणि दुसरी बसविता येते. काहींमध्ये एक भाग मुख्य फलकावर डाख देऊन कायमचा जोडलेला असतो आणि जोडीला एक खाच असते. अलीकडील अनेक पातळ व हलक्या लॅपटॉपमध्ये सारीच स्मृती डाख दिलेली असते. तीत पुढे एक जीबीचीही भर घालता येत नाही.

यावरून एक सोपे सूत्र निघते. खाच उपलब्ध असेल तर आज गरजेपुरती स्मृती घ्यावी आणि गरज सिद्ध झाल्यावर ती वाढवावी. खाच नसेल तर पुढील पाच वर्षांच्या कामाचा विचार करून खरेदीच्या दिवशीच पुरेशी स्मृती मागावी. हा प्रश्न खरेदीच्या मागणीपत्रात लेखी विचारला पाहिजे. "खाचा किती, रिकाम्या किती आणि जास्तीत जास्त किती स्मृती चालते?" या एका ओळीने पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

पट्ट्यांच्या पिढ्याही वेगवेगळ्या असतात. डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. त्यांची खोबणच वेगळ्या ठिकाणी असते. लॅपटॉपची पट्टी मेजावरील संगणकाच्या पट्टीपेक्षा आखूड असते. दोन पट्ट्यांचे वेग भिन्न असतील तर दोन्ही मंद पट्टीच्या वेगाने चालतात. कार्यप्रणाली ३२ अंकस्थानांची असेल तर ४ जीबीच्या पलीकडची स्मृती सामान्यतः वापरलीच जात नाही.

हमी, दर आणि नोंद

नवे यंत्र हमीच्या मुदतीत असते. ते उघडल्याने हमीवर परिणाम होतो की नाही, याविषयी उत्पादकांचे नियम सारखे नाहीत. म्हणून विक्रेत्याकडून लेखी खुलासा घ्यावा आणि शक्यतो अधिकृत सेवा केंद्राकडूनच पट्टी बसवून घ्यावी. पट्टी हाताळताना यंत्र पूर्ण बंद असणे, विद्युत् पुरवठा काढलेला असणे, बॅटरीची जोडणी सोडविलेली असणे आणि अंगातील स्थिर विद्युत् धातूला स्पर्श करून घालविणे आवश्यक असते. काम झाल्यावर संगणक पूर्ण स्मृती दाखवितो की नाही हे टास्क मॅनेजरमध्ये पाहावे आणि विंडोजमधील मेमरी डायग्नोस्टिक ही चाचणी चालवून मगच देयक मंजूर करावे.

दरांचाही विचार हवा. जगातील बहुतांश स्मृती सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या तयार करतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणक केंद्रांकडून मागणी वाढल्याने २०२५ च्या उत्तरार्धात स्मृतीचे दर जगभर झपाट्याने चढले. त्यामुळे जुन्या दरपत्रकावर विसंबून अंदाजपत्रक करू नये आणि "पुढे कधीतरी उपयोगी पडेल" म्हणून जादा खरेदीही करू नये.

काढलेली जुनी पट्टी ही सार्वजनिक मालमत्ता असते, हे अनेकदा विसरले जाते. ती दुकानात सोडून न देता जडवस्तू संग्रह नोंदवहीत तिची नोंद करावी. एका कार्यालयातील ८ जीबीची पट्टी त्याच पिढीच्या दुसऱ्या यंत्रात उपयोगी पडू शकते. नव्या पट्टीची क्षमता, पिढी, अनुक्रमांक आणि हमीची मुदत यांचीही नोंद ठेवल्यास पुढील कर्मचाऱ्याला अंधारात चाचपडावे लागत नाही.

जुन्या यंत्राचा प्रश्न

विंडोज १० या कार्यप्रणालीला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे जुन्या लॅपटॉपची स्मृती वाढविण्यापूर्वी ते यंत्र विंडोज ११ स्वीकारते की नाही हे पाहणे अगत्याचे आहे. त्यासाठी केवळ स्मृती पुरत नाही. मान्यताप्राप्त प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्थाही लागते. या अटी पूर्ण न करणाऱ्या यंत्रावर पैसा घालणे म्हणजे पडक्या वाड्याला नवा दिंडी दरवाजा बसविणे होय. मात्र असे यंत्र मुलांच्या सरावासाठी वापरावयाचे असेल, तर लिनक्स कुळातील हलकी कार्यप्रणाली बसवून त्याला आणखी काही वर्षे कामात ठेवता येते. सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली बॉस ही याच कुळातील स्वदेशी प्रणाली आहे.

तीन प्रसंग

विषय स्पष्ट होण्यासाठी तीन कल्पित प्रसंग घेऊ. माण तालुक्यातील एका द्विशिक्षकी शाळेला ८ जीबीचा नवा लॅपटॉप मिळाला. त्यावर पाठाच्या चित्रफिती दाखविणे आणि माहिती भरणे एवढीच कामे आहेत. वापर साठ टक्क्यांच्या वर जात नाही, पण माहितीचे पान उघडण्यास उशीर होतो. येथे अडचण जोडणीची आहे. स्मृतीवरील खर्च टाळून तो पैसा चांगल्या जोडणीकडे किंवा ध्वनिवर्धकाकडे वळविणे योग्य.

वाळवा तालुक्यातील एका मोठ्या ग्रामपंचायतीत ८ जीबीच्या लॅपटॉपवर दिवसभर चार पोर्टले, कराचे तक्ते आणि वरचेवर दूरदृश्य बैठका चालतात. आठवडाभराच्या नोंदीत वापर नव्वद टक्क्यांच्या आसपास आढळला, यंत्र अडखळते आणि एक खाच रिकामी आहे. येथे त्याच पिढीची व वेगाची ८ जीबीची दुसरी पट्टी बसविणे हा किफायतशीर निर्णय होय.

जत तालुक्यातील एका ग्रामपंचायतीला नवा लॅपटॉप घ्यावयाचा आहे. पसंत पडलेल्या यंत्रात स्मृती डाख दिलेली आहे आणि ती ८ जीबीच आहे. कामाचा व्याप वाढता आहे. येथे खरेदीनंतर उपाय उरत नाही. १६ जीबीचे यंत्र किंवा खाच असलेले दुसरे यंत्र मागणे, हाच मार्ग.

तीन प्रसंग, तीन निर्णय. पद्धत मात्र एकच आहे. प्रथम काम पाहावे, मग मोजावे, मग यंत्रात सोय आहे का हे तपासावे आणि शेवटी खर्च करावा.

समारोप

ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत संगणकावरील खर्चाचा विषय आला की पुष्कळ सदस्य तो तांत्रिक म्हणून मूकपणे मंजूर करतात. वस्तुतः त्यांनी तीन प्रश्न विचारले तरी पुरे. आठ दिवसांच्या नोंदी कोठे आहेत? यंत्रात खाच आहे का? या खर्चानंतर दाखला किती लवकर मिळेल? उत्तरे समाधानकारक असतील तर खर्च निःशंकपणे मंजूर करावा. काटकसरीच्या नावाखाली कर्मचाऱ्याला अडखळत्या यंत्रावर खितपत ठेवणे हाही एक प्रकारचा अपव्ययच होय. उत्तरे मिळत नसतील तर थांबावे.

शाळांतून हा विषय प्रात्यक्षिक म्हणूनही घेता येईल. मुलांनी शाळेच्या संगणकाचे आकडे आठवडाभर टिपावेत, त्यांचा आलेख काढावा आणि स्मृती वाढवावी की नको याविषयी कारणांसह आपले मत मांडावे. गणित, विज्ञान आणि नागरिकशास्त्र यांचा मेळ घालणारा इतका सोपा पाठ विरळाच. विहिरीचे पाणी मोजून मोटार ठरविणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलांना तो शिकविण्यास फारसे कष्ट पडणार नाहीत. मोजून मग खर्च करण्याची ही सवय त्यांना लागली, तर उद्या तीच मुले ग्रामपंचायतीच्या सभेत बसतील तेव्हा गावाचा पैसा अधिक डोळसपणे खर्च होईल.